बटण ‘नाही’ म्हणाली

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात ग्रंथपालबाईंच्या तोंडात गुंतलेले होते. नर्सबाईंनी फोन उचलला, दोनदा ‘बरं’ म्हटलं आणि चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता तो डॉक्टरांच्या कानाला लावून धरला. डॉक्टरांच्या वडिलांच्या काळापासून त्या या दवाखान्यात होत्या. बातमी कशीही असो, पेशंटसमोर तोंड वाकडं करायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

“डॉक्टर, तुमची कन्या आत्ता माझ्याकडे येऊन गेली,” पाळकसाहेब म्हणाले. “उद्या दृढीकरणाला उभी राहणार नाही म्हणते.”

“म्हणजे? ताप आलाय का तिला? घसा असेल. काल थंड काहीतरी प्यायली.”

“ताप नाही हो. चांगली ठणठणीत होती. ‘मला उत्तरं देता येणार नाहीत’ एवढंच म्हणाली आणि गेली. बिशपसाहेब सकाळी पोचतायत. तुम्ही जरा बोलून बघा.”

फोन बंद झाला. डॉक्टरांनी पुन्हा दाढेकडे मोर्चा वळवला, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने आईबाप वचनं देतात. पोर जाणतं झालं की दृढीकरणाच्या दिवशी ते स्वतः मंडळीसमोर उभं राहतं, बिशप प्रश्न विचारतात आणि ते वचन पोर आपल्या तोंडाने पक्कं करतं. या घरात त्या दिवशी आजवर कुणी आजारपणाचंसुद्धा निमित्त सांगितलं नव्हतं. लेकीची, म्हणजे बटणची, आत्या तर अंगावर गोवर घेऊन उभी राहिली होती आणि बिशपांसकट अर्ध्या मंडळीला गोवर वाटून आली होती. आणि आता हे शेंडेफळ सरळ ‘नाही’ म्हणत होतं.

“दुखतंय का? नाही ना. छान. झालंच,” डॉक्टर सवयीने म्हणाले. “चूळ भरा.”

ग्रंथपालबाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “दुखतंय, डॉक्टर. केव्हापासून सांगतेय तुम्हाला.”

डॉक्टर ओशाळले. त्यांनी भुलीचं इंजेक्शन मागवलं.

तसं बघितलं तर यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. बटणच्या पणजोबांनी मिशनच्या दवाखान्यात दाढा उपटल्या, आजोबांनी ही दोन मजली इमारत बांधून खाली दवाखाना आणि वर घर केलं, आणि डॉक्टरांनी तीच खुर्ची पुढे चालवली. तिन्ही पिढ्यांना धंद्याने प्रश्न विचारायची सवय लावली आणि उत्तर न ऐकायचीही. ज्याच्या तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी आहे तो बिचारा बोलणार काय? तेव्हा आपणच विचारायचं, त्याच्या वतीने आपणच उत्तर द्यायचं आणि ‘छान’ म्हणून पुढच्या दाताकडे वळायचं. दवाखान्यात हे खपून जायचं. पण जिना चढताना सवय काही खाली ठेवून येता येत नाही. थोरला मुलगा परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर डॉक्टरांनी त्याला ‘कागद घेतलेस ना, पोटाचं बरंय ना, लवकर येशील ना, हो, येशीलच’ असं एका दमात विचारून टाकलं होतं. थोरला अजून आलेला नव्हता.

डॉक्टर वाईट बाप नव्हते, हे सांगायलाच हवं. पोरांवर त्यांचा जीव होता. रोज पहाटे गुडघ्यांवर बसून ते एकेकासाठी प्रार्थना करत, आणि मनापासून करत. मुलांबद्दल देवाशी ते जितकं बोलत तितकं मुलांशी बोलत नसत, एवढीच काय ती गोम होती.

*

वर कोर्ट भरलेलंच होतं.

मधल्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बटण बसली होती. लहानपणी फ्रॉकचं बटण गिळून तिने सगळ्या घराची धावपळ उडवली होती, तेव्हापासून ती बटण. समोर आत्याबाई, मांडीवर उद्याचा पांढरा शुभ्र झगा आणि हातात सुई. पलीकडच्या गल्लीतून त्या झग्याला शेवटचे टाके घालायला म्हणून आल्या होत्या आणि जिन्यातच त्यांना बातमी लागली होती. बटणची मम्मी शाळेतून नुकतीच आली होती. भूगोलाचे नकाशे अजून तिच्या काखेत होते. खिडकीपाशी आजोबा रेडिओला कान लावून बसले होते. रेडिओ बंद होता.

“कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?” आत्याबाई विचारत होत्या.

“कुणी नाही.”

“असं कसं कुणी नाही? त्या नव्या मैत्रिणीचं काम दिसतंय हे. ती कुठल्या चर्चला जाते? जात तरी असते का?”

“आत्या, तिचा काही संबंध नाही.”

“मग काय, शिंगं फुटली का तुला?”

“बटण, अगं, झगासुद्धा शिवून झालाय,” मम्मी म्हणाली. तोवर ती नणंदेच्या बाजूची होती. “आत्याने महिनाभर डोळे फोडलेत त्यावर. निदान तिचा तरी विचार कर.”

“झग्याचं सोड गं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि तिथे त्यांचं गणित चुकलं. “मी म्हणते, तू जगाच्या पोरांना शाळेत वळण लावतेस, आणि घरात बघ काय चाललंय.”

मम्मीने काखेतले नकाशे टेबलावर ठेवले. “ताई, तिला आधी जेवू द्या,” ती थंडपणे म्हणाली आणि खुर्ची ओढून लेकीच्या बाजूला बसली. तिने आता पक्ष बदलला होता.

डॉक्टर आले ते असे ऐन रंगात. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. आता घरचा कर्ता पुरुष बोलणार, अशी शांतता झाली.

“काय गं?” डॉक्टरांनी बटणच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरलीस ना? सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हणून? होतं असं. मीसुद्धा घाबरलो होतो. उत्तरं पाठ नाहीत का? ती तर सोपी आहेत. रात्री बसू दोघं, एकदा म्हणून घेऊ. मिटलं. हो की नाही?”

बटणने मान वर केली. “पप्पा, तुम्ही मला विचारलंत, की मला सांगितलंत?”

आत्याबाईंच्या हातातली सुई थांबली.

“उत्तरं मला पाठ आहेत,” बटण म्हणाली. “त्या पत्रकावर प्रश्न छापलाय आणि त्याच्याखाली लगेच उत्तर छापलंय. सगळ्यांना एकच. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर मला विचारतात कशाला? मी नुसती मान हलवली तरी चालेल की. तेवढं तर मला येतं. इतकी वर्षं तेच करतेय.”

“बघा! बघा कशी बोलते!” आत्याबाई उसळल्या. “अगं, तुझी आजी मरताना स्तोत्र म्हणत होती! ओठांवर स्तोत्र घेऊन गेली माझी आई. कुरकुरीचा चकार शब्द नाही, अश्रू नाही. आणि तिची नात, जी शेवटी तिच्याजवळ होती, जिने स्वतःच्या डोळ्यांनी ते मरण पाहिलं, ती आज...”

बटण उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचललीही नाही. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. ती जिन्यावरून खाली गेली आणि खालचं दार आपटल्याचा आवाज आला.

“लाडावून ठेवलीय,” आत्याबाई म्हणाल्या, पण जोर कमी होता.

आजोबांनी बंद रेडिओचं बटण उगाच फिरवून पाहिलं. आत्याबाईंनी तो मरणाचा प्रसंग सांगायला घेतला की ते नेहमीच असं काहीतरी करत. डॉक्टरांच्या ते आजवर लक्षात आलं नव्हतं.

*

स्वयंपाकघरात मम्मी सूप गरम करत होती. डॉक्टर तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

“काय झालंय तिला? तुला सांगितलं असेल. वयच असं आहे. अभ्यासाचा ताण असणार...”

“झालं ना तुमचं उत्तर देऊन?” मम्मी वळलीसुद्धा नाही. “मग मला कशाला विचारताय?”

डॉक्टरांनी ओट्यावरच्या वाट्या उगाच सरळ केल्या.

“मला माहीत नाही तिला काय झालंय,” ती म्हणाली. “मी पण ओरडतच असते तिच्यावर. पण एक सांगू? तुमचे पेशंट नशीबवान आहेत. त्यांना निदान चूळ भरायला तरी मिळते. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलून घेतात बिचारे. आम्हाला तेवढीही उसंत नाही. थोरला जायच्या आधी आठवडाभर तुमच्या मागे-मागे फिरत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, ‘काळजी वाटतेय ना, नको करूस.’ झालं. गेला तो.”

“हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

मम्मीने चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लागला. “हा बघा,” ती म्हणाली, “हा खरा प्रश्न विचारलात. याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते लांबलचक आहे. पण आधी खाली जा. तिला विचारा. आणि विचारून झालं की तोंडाला कुलूप लावा.”

*

दवाखाना दुपारचा बंद होता. नर्सबाई घरी गेल्या होत्या. पडदे ओढलेले, वाफेच्या भांड्यातली हत्यारं गार होत आलेली, लवंगेच्या तेलाचा तो कायमचा वास. बटण डॉक्टरांच्या गोल स्टुलावर बसली होती आणि पायाने स्वतःला अर्ध्या-अर्ध्या फेऱ्या देत होती.

स्टूल एकच होतं. उभ्याने बोलावं तर ओरडायला आल्यासारखं वाटेल. डॉक्टरांनी इकडे-तिकडे बघितलं आणि मग ते सरळ पेशंटच्या खुर्चीत जाऊन पडले. खुर्ची आडवी झालेली होती, तशीच. आयुष्य या खुर्चीशेजारी गेलं, पण इथून छत कसं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. छताला एक पोपडा आला होता. पेशंट रोज तोच बघत असणार.

“तुझा—” त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. ‘तुझा राग गेला ना’ असं ते विचारणार होते. ते त्यांनी सोडून दिलं. त्यांनी दुसरा प्रश्न शोधला आणि तो सापडायला वेळ लागला, कारण असा प्रश्न त्यांना हवा होता ज्याचं उत्तर त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

“आत्याने आजीचा विषय काढला तेव्हा तू उठलीस,” ते छताकडे बघत म्हणाले. “तेव्हा तुझ्या मनात काय आलं?”

स्टूल फिरायचं थांबलं.

डॉक्टरांच्या तोंडात तोवर तीन-चार उत्तरं तयार झाली होती. आजीची आठवण आली असेल. वाईट वाटलं असेल. त्यांनी ती दातांखाली दाबून धरली. हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी ते पोटावर ठेवले, मग खुर्चीच्या दांड्यावर, मग पुन्हा पोटावर. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. गप्प बसणं हे दाढ काढण्यापेक्षा अवघड काम आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

“ती तशी नाही गेली, पप्पा,” बटण म्हणाली.

डॉक्टर हलले नाहीत.

“आजी तशी नाही गेली. घाबरली होती ती. खूप. आधी म्हणाली खिडकी उघड, मग म्हणाली लाव. मग म्हणाली, ‘माझे दात दे, असं बोळकं घेऊन नाही जायचं मला.’ मी कवळी धुऊन दिली, पण तिला बसवता येईना. मलाही येईना. मग तिने स्तोत्र म्हणायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला विसरली. रोजचं, पाठ असलेलं. स्वतःवर इतकी चिडली, पप्पा. म्हणाली, ‘मला नाही जायचं.’ ” बटणने श्वास घेतला. “आणि तुम्हाला हाका मारत होती. तुमचं लहानपणीचं नाव घेऊन. ‘त्याला बोलाव, तो खालीच आहे.’ पण मी उठायला लागले की माझं मनगट धरायची. ‘तू जाऊ नको.’ मला कळेना काय करू. बोलवू की थांबू. मी थांबले. तुम्ही एका जिन्याच्या अंतरावर होतात आणि मी तुम्हाला बोलावलं नाही.”

डॉक्टरांना वर्षापूर्वीची ती दुपार आठवली. आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात, बायको शाळेत, ताई गायकवृंदाच्या सरावाला. आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती, आजच जाईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते खाली एकाचं रूट कॅनॉल करत होते. हात धुऊन वर गेले तेव्हा सगळं संपलं होतं. आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या या पोरीला त्यांनी विचारलं होतं, ‘शांतपणे गेली ना?’ पोरीने मान हलवली होती. मग ताई आली. तिने विचारलं, ‘स्तोत्र म्हटलं ना तिने?’ पोरीने पुन्हा मान हलवली, आणि तेवढं तर खरंही होतं. दफनाच्या दिवशी त्या एका ओळीचं अख्खं स्तोत्र झालं होतं. ताईने ते मंडळीसमोर सांगितलं आणि लोकांनी डोळे पुसत आमेन म्हटलं. तेव्हापासून दर पाहुण्याला ती हकिकत सांगितली जात होती आणि बटण तिथेच बसून ऐकत होती.

‘त्यात तुझी काही चूक नाही,’ हे वाक्य डॉक्टरांच्या ओठांवर आलं. ते खरं होतं, चांगलंही होतं. पण ते बोललं की हा विषय संपेल, हे त्यांना स्पष्ट दिसलं. छान, पुढचा दात. आणि त्यांच्या आईने त्यांना हाका मारल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी, आडवं पडल्यामुळे, कानाकडे ओघळलं. ते त्यांनी पुसलं नाही.

“आणि तू?” त्यांनी विचारलं. “तुला भीती वाटत होती का?”

तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. बटणने हो म्हणायला तोंड उघडलं आणि ती रडायला लागली, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी, मोठ्याने. डॉक्टर खुर्चीतून उठायला गेले, पण आडव्या खुर्चीतून उठायला कसब लागतं. ते अर्धवट लटकले, दिवा डोक्याला लागला, आणि बटण रडता रडता हसली. मग तीच स्टूल सरकवत जवळ आली. डॉक्टरांनी तिचं डोकं खांद्याशी घेतलं.

“देवावर रागावली आहेस का?” त्यांनी नंतर विचारलं. या प्रश्नाची त्यांना स्वतःलाच धास्ती वाटत होती.

बटणने विचार केला. “माहीत नाही. कधी कधी. पण त्याच्याशी बोलते मी. त्याला तरी खरं माहीत होतं.” तिने नाक पुसलं. “पण उद्या सगळ्यांसमोर उभं राहून अजून एक पाठ केलेलं ‘हो’ मी नाही म्हणू शकत. एकदा म्हटलं ते अजून गळ्यात अडकलंय.”

“मग उद्या काय करावंसं वाटतं?”

“चर्चला यायचंय. आजोबांजवळ बसायचंय. नुसतं.” ती थांबली. “पण आधी आजोबांना सांगायचंय.”

म्हाताऱ्याला हे झेपेल की नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी स्वतःच विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं.

*

संध्याकाळचा चहा टेबलावर आला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोरच पाळकसाहेबांना फोन लावला. “नाही, उद्या नाही उभी राहणार. नाही, नाराजी नाही. तिचेच काही प्रश्न आहेत, ते आधी आम्ही ऐकणार आहोत... बिशपसाहेबांना हेच सांगा. किती दिवस लागतील? ते मला कसं सांगता येईल? लहानपणापासूनचे साठलेत.”

“वेड लागलंय तुला,” आत्याबाई म्हणाल्या. पांढऱ्या झग्याची त्यांनी घडी घातली आणि पुन्हा उलगडली. त्यांचे डोळे भरून आले होते. “आई असती तर काय म्हणाली असती?”

“तेच सांगायचंय मला,” बटण म्हणाली. ती आजोबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. “आजोबा, आजी गेली त्या दिवशीचं.”

आत्याबाई भावाकडे वळल्या. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्या एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, “बाबांना काही सांगायचं नाही हं. त्यांना त्रास होईल. बाबा, तुम्ही चहा घ्या.”

“ताई, त्यांना ऐकायचंय की नाही, ते त्यांना विचारू या,” मम्मी म्हणाली.

आजोबांनी कप बाजूला ठेवला. “सांग,” ते नातीला म्हणाले.

बटणने सगळं सांगितलं. खिडकीचं, दातांचं, विसरलेल्या ओळीचं. ‘मला नाही जायचं’ हेही तिने गाळलं नाही. आत्याबाई मधेच एकदा “खोटं!” म्हणाल्या. मग कवळीचा भाग आला, आणि आत्याबाई खाली बसल्या. त्यांची आई कवळीशिवाय दारातल्या दूधवाल्यासमोरही गेली नव्हती. कुणी रचून सांगावी अशी ही गोष्ट नव्हती. त्यांनी मांडीवरचा झगा तोंडाशी धरला आणि त्या रडू लागल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्या आईसाठी अशा रडत होत्या. मम्मी उठून त्यांच्यामागे उभी राहिली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आजोबा मात्र तसेच बसून होते. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. म्हातारा आता कोसळणार, असं त्यांना वाटत होतं.

“मग मी एकटाच नाही तर,” आजोबा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

“वर्षभर ऐकतोय मी, ती गात गात गेली म्हणून. आणि मी इथे बसतो आणि माझ्या छातीत धडधडतं. मला वाटायचं, साठ वर्षं एका बाकावर बसून प्रार्थना केली आम्ही दोघांनी, आणि तिला सगळा विश्वास मिळाला, मला काहीच नाही. तिथे गेल्यावर तिला तोंड कसं दाखवू?” त्यांनी नातीच्या केसांवर हात ठेवला. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. “घाबरली होती म्हणतेस. घाबरत घाबरतच, पण स्तोत्र म्हणायला तरी घेतलं. तेवढं मलाही जमेल.”

डॉक्टर उठले. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली आणि वडिलांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली. या घरात मुलाने बापाला तब्येतीचं विचारलं होतं, औषधांचं विचारलं होतं, उशीचं विचारलं होतं. त्यापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं, आणि बापानेही मुलाला.

“बाबा, तुम्हाला कशाची भीती वाटते?”

‘देव आहे ना’ हे उत्तर खोलीत सगळ्यांच्या जिभेवर आलं असणार. कुणीच ते दिलं नाही. आत्याबाईंनीही नाही.

आजोबांनी खूप वेळ घेतला. डॉक्टरांनी तो घेऊ दिला.

“मरणाची तशी नाही रे,” आजोबा शेवटी म्हणाले. “पलीकडचं मी त्याच्यावर सोडलंय. मला अलीकडची वाटते. मी वर हाका मारत असेन, आणि तुम्ही सगळे खाली कामात असाल.”

नेमकी तेव्हाच दवाखान्याची बेल वाजली. संध्याकाळचा पहिला पेशंट दारात आला असणार. इतकी वर्षं ती बेल वाजली की डॉक्टर तोंडातला घास ठेवून उठत. आताही त्यांचे पाय सवयीने हलले. मग त्यांनी ते परत जागेवर घेतले आणि वडिलांचे दोन्ही हात हातात धरले.

आत्याबाई झगा बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि घशातला आवाज नीट केला. “बस तू,” त्या धाकट्या भावाला म्हणाल्या. “मी सांगते त्यांना, डॉक्टरांना आज उशीर होईल म्हणून.” आणि जिन्याचा कठडा धरत त्या खाली गेल्या.

“आणखी?” डॉक्टरांनी विचारलं.

आजोबांनी आधी नातीकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि ते बोलायला लागले.